मुठीतला बटेर

लखनौला जाणारा मराठी माणूस दोन गोष्टी हटकून पाहून येतो. एक बडा इमामबाडा आणि दुसरी चिकनच्या कपड्यांची दुकानं. पहिली पुरुषांच्या हट्टानं, दुसरी बायकांच्या. आम्हीही हे दोन्ही सोपस्कार केले. नबाब आसफउद्दौल्यानं १७८४ साली, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधायला घेतलेल्या त्या इमारतीबद्दल इतकं लिहून झालं आहे की, तिला इथूनच नमस्कार करून मी तुम्हांला चौकामागच्या एका गल्लीत नेतो.

गल्ली अशी, की समोरून सायकल आली तर भिंतीशी सलगी करावी लागते. तिथं आमच्या स्नेह्यांच्या ओळखीचे एक मियाँसाहेब राहतात. वय ऐंशीच्या पुढं, पण अचकनीची सगळी बटणं लावलेली. त्यांचे वडील बटेरबाज होते, म्हणजे लढाऊ बटेर बाळगणारे.

बटेर हे आपल्या लाव्याच्या गोतातलं पाखरू. देशावर गव्हाच्या शेतातून चालताना पायाशीच भुर्रकन उडतं आणि काळजात धस्स करून जातं, तेच. अशा भित्र्या जिवाला माणसाळवायचं कसं? मौलवी अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर लिहिताना बटेरबाजीला चांगली ऐसपैस जागा दिली आहे. पण मला ते मियाँसाहेबांच्या हातून समजलं. त्यांनी डावा हात पुढं केला, बोटं हलकेच मिटली आणि म्हणाले, "इसे मूठ करना कहते हैं."

शब्द आपलाच! रानातून धरून आणलेलं पाखरू पाण्यानं भिजवायचं आणि तासन्‌तास मुठीत धरून बसायचं. मान बोटांच्या फटीतून बाहेर, छातीची धडधड तळहातावर. गप्पा मारताना, हुक्का ओढताना, बाजारातून हिंडताना ते मुठीतच. असे कित्येक दिवस गेले की त्याची 'वहशत', म्हणजे रानटी धास्ती, निघून जायची. पुढं रात्री सगळं निजल्यावर त्याच्या कानाशी 'कू' असं ओरडून त्याला जागवायचे. त्यानं चरबी झडते आणि पाखरू चलाख होतं असं म्हणत. एवढी माया कशासाठी, तर झुंजवण्यासाठी! मला तरी या मायेचं कोडं उलगडलं नाही. १९६० च्या कायद्यानं प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा ठरला, १९७२ च्या कायद्यानं रानातलं पाखरू धरण्याला बंदी आली, आणि मियाँसाहेबांची मूठ रिकामी झाली.

ती पुन्हा भरली नातीमुळं. मुलगी कॉलेजात जाते. तिनं घरी आणला तो जपानी बटेर. जपानात हा पक्षी पूर्वी आवाजासाठी पाळत. गाणाऱ्यांचे ते वंश दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ संपले, अंड्या-मांसाचे उरले. आपल्याकडं तो १९७४ साली बरेलीजवळ इज्जतनगरला आला. तो घरात वाढवायला आडकाठी नाही. तिनं उबवणीतून एक दिवसाची बारा पिल्लं आणली होती. अंड्यातून सतरा-अठरा दिवसांत बाहेर येणारं हे पिल्लू भरतं जेमतेम सात-आठ ग्रॅम, अंगठ्याच्या पेराएवढं!

आमच्या सौ.नं तिला प्रश्न विचारून भंडावलं. मुलीनंही हौसेनं सगळं सांगितलं. पहिला आठवडाभर खोक्यात दिवा लावून पस्तीस-सदतीस अंशांची ऊब ठेवायची, मग रोज थोडी थोडी कमी करायची. पाण्याच्या बशीत खडे घालायचे, नाहीतर पिल्लं त्या बोटभर पाण्यातही बुडून मरतात. दाणा बारीक दळलेला. आणि मुख्य म्हणजे हात कधी वरून घालायचा नाही! वरून येणारी सावली म्हणजे ससाणा, हे त्या चिमण्या डोक्याला अंड्यातूनच ठाऊक असावं. हात जमिनीसरसा, तळवा वर, त्यावर चिमूटभर दाणे. मग हलायचं नाही. तिनं पहिल्या दिवसापासून हाताशी बसून त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली होती. आम्ही गेलो तेव्हा तिचा आवाज ऐकताच सगळी तुरुतुरु धावत आली, आणि एक तर तळहातावर पाय पोटाशी घेऊन चक्क पेंगायला लागलं. म्हाताऱ्यानं आठवडे घालवून जे मिळवायचं, ते हिला न पकडता मिळालं होतं. ते नातीकडं पाहत होते. चेहऱ्यावर कौतुक होतं, थोडा हेवाही असावा.

पण घरात त्या दिवशी एक पेच होता. बारापैकी नऊ जगली, त्यांत पाच नर. हे पाखरू सहा-सात आठवड्यांत वयात येतं आणि नर एकमेकांची डोकी फोडू लागतात. आजोबांनी जी झुंज पदरमोड करून लावली असती, ती आता सोडवता सोडवता नातीच्या नाकी नऊ आले होते! जास्तीच्या नरांना गिऱ्हाईक एकच, कोपऱ्यावरचा खाणावळवाला. सकाळीच तो भाव सांगून गेला होता. मुलीचे वडील देऊन टाका म्हणत होते. रानात सोडावीत तर पहिल्याच मांजराच्या पायाशी दाणे मागायला जातील.

"वहशत निकाल दी," मियाँसाहेब हळूच म्हणाले, "अब बेचारे भागें भी तो किससे?"

आणि ते उठून पिंजऱ्याला लाकडी पट्ट्या ठोकू लागले. हात थरथरत होते, चुका जागेवर बसत नव्हत्या. एकेका नराला वेगळा खण आणि छताला ताणलेलं कापड; कारण बटेर दचकला की सरळ वर उडतो आणि जाळीवर कपाळमोक्ष करून घेतो. खण मात्र तीनच झाले. लाकूड संपलं.

मुलीनं सौ.ला विचारलं, "आंटी, मुंबई में आपके यहाँ बालकनी है?"

सौ.नं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन फुटी का होईना, गॅलरी आहे, हे सांगून ती मोकळी झाली. आणि छताला कापड कोणतं लावायचं, मांजरपाट चालेल का, याची चौकशी तिनं सुरू केली.