हळवं, गरवं आणि मधलं

2 सप्टेंबर, सरळगाव (ता. मुरबाड)
पहिली लोंबी बाहेर आली. रोप 37. आत्याच्या खाचरात हळव्या (लवकर येणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा येणाऱ्या) भाताच्या संकराची दुसरी पिढी आहे, 160 रोपं, प्रत्येकाशेजारी क्रमांकाची काठी. रोज सकाळी बघायचं, कोण निसवलं. आत्या म्हणते, "हळवं माळाला, गरवं पाणथळात. एकत्र कशाला गं?" वेगळी लावली असती तर पाण्याची करणी जनुकाच्या नावावर लागली असती.

11 सप्टेंबर
दोन दिवस ओढा भरून वाहत होता, पलीकडे जाता आलं नाही. आज नऊ रोपं निसवलेली. अंदाजाची तारीख टाकायचा मोह झाला. वहीत "9 ते 11" असंच लिहिलं.

24 सप्टेंबर
दोन गट पडतील ही आत्याची अटकळ होती. तसं झालं नाही. रोज चार-पाच रोपं, खंड न पडता. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं 1918 साली हेच दाखवलं: मेंडेलचे घटक पुष्कळ आणि प्रत्येकाचा वाटा थोडा असला, की मधल्या सगळ्या पायऱ्या भरतात.

19 नोव्हेंबर, शहापूर
जपानी वाण निप्पॉनबारे आणि भारतीय वाण कसलथ यांच्या संकराची 186 रोपं घेऊन यानो आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये निसवण्याच्या दिवसांवर परिणाम करणारी जनुकसंचातली पाच ठिकाणं शोधली. त्यातलं एक, एचडी 1, त्यांनी 2000 साली थेट जनुकापर्यंत नेलं. कसलथमध्ये त्या जनुकातली डीएनएची दोन अक्षरं गळालेली आहेत. पाच ठिकाणांपासून दोन अक्षरांपर्यंतची ही वाट वाचताना आजही अंगावर काटा येतो.

3 डिसेंबर
माझ्या रोपांच्या पानांमधल्या जनुकीय खुणांची माहिती आली. प्रत्येक खुणेपाशी प्रश्न एकच: दोन्हीकडून हळव्याचा तुकडा मिळालेली रोपं आधी निसवली का? पण पाच टक्के चूक चालवून घेऊन 1000 खुणा तपासल्या, तर नुसत्या योगायोगानं सरासरी 50 खुणा होकार देतात. चर्चिल आणि डर्ज यांचा 1994 चा उपाय मला फार आवडतो. तारखा पत्त्यांसारख्या पिसायच्या, कुठल्याही रोपाला कुठलीही तारीख द्यायची, आणि सगळ्या खुणांच्या पुराव्याचा आलेख काढून त्यातलं सर्वांत उंच शिखर टिपायचं. असं हजार वेळा. त्यातल्या 950 शिखरांच्या वर रेघ मारायची; खरं शिखर तिच्या वर गेलं तरच बोलायचं.

4 डिसेंबर
रेघ मारून झाली. खरा आलेख अजून उघडलेला नाही. आत्याचा फोन आला. 37 चं बी तिनं वेगळ्या पुरचुंडीत बांधलंय, रोहिणीत पेरायला.