फक्कीची रेघ

दिवाळी अंक घरी आला की तो प्रथम माझ्या हाती कधीच लागत नाही. आधी आई तो मागच्या बाजूने उघडते. वार्षिक राशिभविष्य तिथेच असते. मग आमच्या सौभाग्यवती, मग मुले. अंकात माझी कथा छापून आलेली असली, तरी तिची पाळी शनि-मंगळाच्या नंतर! मी आरामखुर्चीत बसून या सर्वांना हसत असे. माणसाचे भाग्य त्याच्या जन्ममहिन्यावर ठरते, हे एखाद्या मास्तराने कसे मानावे?

यंदा मात्र मी हसलो नाही. माझा तो तोरा उतरवला, तो कोणा ज्योतिषाने नव्हे. शाळेच्या जनरल रजिस्टराने.

आमच्या तालुक्याच्या शाळेत मी मराठी शिकवतो, आणि गेली कित्येक वर्षे खो-खोचा संघही निवडतो. गेल्या जूनमध्ये एक तरुण बाप मुलीचे नाव घालायला आला. मला पाहताच त्याने वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, पूर्वी शाळेत जन्मतारीख लावून द्यायचे ना? हिला जानेवारीची लावा की."

मी हसून म्हटले, "अरे बाबा, आता दाखल्यावर असेल तीच तारीख लिहावी लागते. आणि डिसेंबरात काय वाईट आहे?"

"मी डिसेंबरातलाच होतो, गुरुजी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. एकदम मला तो चड्डी सावरीत मैदानावर उभा असलेला दिसला.

तेव्हा मी नोकरीत नवा होतो. चौदा वर्षांखालील संघाची निवड चालली होती. हे एवढेसे पोर हुलकावणी अशी देई की, मागे लागलेला गडी तोंडावर आपटे. पण पाठलागाची पाळी आली की त्याची ढांग तोकडी पडे. सूर मारला तरी बोटे वीतभर मागेच राहात. त्याच्या शेजारी त्याच वर्षी जन्मलेला, पण ताडमाड वाढलेला दुसरा मुलगा होता. मी त्या दुसऱ्याला घेतले आणि ह्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, "पुढच्या वर्षी ये."

किती सहज बोललो मी! शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, आणि वय मोजायची रेघ १ जानेवारीला मारलेली असते. पुढच्या वर्षी हा पोरगा मिसरूड फुटलेल्या मुलांच्या गटात जाऊन पडणार होता. तो आला. दोन दिवस कडेला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी दिसला नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही त्याची आठवण झाली नाही.

मुलीचे नाव घालून तो गेला. त्या संध्याकाळी मी जुन्या संघांच्या याद्या आणि जनरल रजिस्टर शेजारी ठेवून बसलो. जानेवारी, फेब्रुवारी, पुन्हा जानेवारी, मार्च... बोट वर्षाच्या आरंभीच घुटमळत होते. वर्षअखेरीची मुले अगदी विरळा. इतकी वर्षे संघ मी निवडत होतो, अशी माझी समजूत होती. वास्तविक ते निम्मेशिम्मे कॅलेंडरने निवडले होते.

पुढे वाचनात आले की, ही गंमत कॅनडातल्या एका बाईंच्या ध्यानात पूर्वीच आली होती. १९८०च्या दशकात लेथब्रिज गावी रॉजर बार्न्स्ली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी पॉला बर्फावरच्या हॉकीचा सामना पाहायला गेले होते. बाई हातातली कार्यक्रमपत्रिका चाळू लागल्या, तो खेळाडूंच्या जन्मतारखांत जिकडे तिकडे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च! तिथेही मुलांचे गट १ जानेवारीपासून मोजतात. १९८५ साली बार्न्स्लींनी सहकाऱ्यांसह हे प्रसिद्ध केले.

कारण अगदी साधे आहे. दहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापुढे उंच, दणकट दिसतो, आणि आम्ही त्या वाढीलाच गुण समजतो. मग त्याला संघ मिळतो, सराव मिळतो, सामने मिळतात, शाबासकी मिळते. आणि दोन-चार वर्षांत तो खरोखरच सरस होतो. आम्ही म्हणतो, "बघा, आमची पारख!"

यात ग्रहांचा काही हात असेल, तर इंग्लंडातल्या फुटबॉलमध्येही जानेवारीच फळला असता. तिथे रेघ १ सप्टेंबरची, म्हणून भाग्य सप्टेंबरकरांचे. बेल्जममध्ये तर १९९७ साली फुटबॉलची रेघ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली, आणि संघांतले लाडके महिनेही तिच्यामागोमाग सरकले. आकाशातले शनि-मंगळ आपल्या वाटेने चाललेच होते. हलली ती माणसाने मारलेली रेघ.

अशी एक रेघ माझ्याही वाट्याला आली आहे. माझी जन्मतारीख १ जून. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरांत हीच तारीख आढळेल! शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी वय बसवण्यासाठी ती लिहून टाकली. आई म्हणते, "तू महाशिवरात्रीनंतर चौथ्या दिवशीचा." टाकाच्या एका फटकाऱ्याने मी नऊ महिन्यांनी थोरला झालो आणि थोरांच्या गटात गेलो. कधी संघात आलो नाही. इतरांचा खेळ पाहात कडेला बसलो. त्या पाहण्याच्या सवयीतूनच पुढे कादंबऱ्या झाल्या, असे मी आजवर मोठ्या ऐटीने सांगत आलो. पण ज्याने कडेला बसण्याचे दुःख चाखले, त्यानेच दुसऱ्याला कडेला बसवावे!

उपायही वाचायला मिळाला. २०१७ साली नेदरलँडमधल्या संशोधकांनी दाखवले की, खेळाडू हेरणाऱ्या मंडळींना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या सांगून भागत नाही. सदऱ्यांवरचे आकडे वयाच्या क्रमाने दिले, म्हणजे मात्र त्यांची नजर सुधारते आणि थोराधाकट्यांत झुकते माप उरत नाही.

आमच्याकडे तसे सदरे कुठले? यंदा निवडीच्या दिवशी मी कागदाचे तुकडे कापले, रजिस्टर पाहून आकडे घातले आणि टाचण्यांनी मुलांच्या पाठीवर लावले. सर्वांत धाकट्याला पहिला आकडा. तो सूर मारताना वीतभर मागे राहिला. पण या खेपेस मी बोटे पाहिली नाहीत, उडी पाहिली. त्याला संघात घेतले.

हुलकावणी शिकवायला कोणाला बोलवायचे, हे मला आधीच ठाऊक होते. कामावरून सुटला की तो आता संध्याकाळी मैदानावर येतो. त्याची लेक बरोबर असते. आम्ही फक्कीने आखलेल्या रेघेवरून ती खुशाल नाचत जाते आणि रेघ विस्कटून टाकते. मुले ओरडतात, "गुरुजी, बघा हो ही!"

मी तिला रागावत नाही. रेघ काय, उद्या पुन्हा आखता येईल.