माहेर पाण्याबाहेर येते तेव्हा

लेकीबाळी माहेरी जातात त्या दिवाळीला. आमच्या सौ.च्या आत्या मात्र दुष्काळाला जातात! त्यांचे माहेर जुने पळसदेव. भीमेवर उजनी धरण झाले, १९८० मध्ये ते पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातले हे गाव पाण्याखाली गेले. गावकरी वर सोलापूर रस्त्याला येऊन वसले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळ तेवढे खाली राहिले. पाणी फारच ओसरले म्हणजे ते उघडे पडते.

२०२३ चा पाऊस अपुरा झाला. पुढच्याच मे महिन्यात एके सकाळी आत्यांचा हुकूम सुटला, "जावईबापू, देऊळ वर आलंय म्हणे. गाडी काढा."

पुण्याहून निघालो. भिगवण मागे पडले. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला जिथे शहरातली मंडळी लोटतात, तिथे आता भेगाळलेला गाळ होता. धरण ११७ टीएमसीचे. पण उपयुक्त साठा केव्हाच संपून मृतसाठ्याला हात लागलेला.

आत्यांची बालमैत्रीण नव्या गावातच राहते. दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून गाळातून निघाल्या. मला नुसते दगड दिसत होते, त्यांना गल्ल्या! एका ठिकाणी तर त्या चक्क वळसा घालून गेल्या. मी कारण विचारले, तशी मैत्रीण म्हणाली, "हितं पाटलाचा गोठा होता, जावईबापू. बैल लई मारका!"

देवळाच्या उंबऱ्यावर डोके टेकून आत्या पुष्कळ वेळ बसल्या. मी उत्साहाने म्हणालो, "आत्या, भाग्य म्हणायचं! पुन्हा दर्शन घडलं."

मैत्रीण क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचा ऊस जळाला. विहिरीला पाणी न्हाई. दोन गाई इकल्या." आणि थोडे थांबून, "धरणात पाणी असतं तवा तरी कुठं पिववतंय? तुमच्या पुण्याची घाण आमच्याच दारी येती."

खोटे नव्हते. आमचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीतच उतरते. रोज सकाळी नळ सोडून दाढी करणाऱ्या मला उत्तर सुचेना.

आत्या उठल्या. मैत्रिणीचा हात त्यांनी घट्ट धरला आणि गाभाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "पळसनाथा, पाहिलं तुला. आता पुन्हा दिसू नकोस रे बाबा."

परतीच्या वाटेवर कुणीच बोलले नाही.

ऑगस्टमध्ये उजनी भरल्याची बातमी आली. संध्याकाळी आत्या साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या. डोळे ओले होते, पण चेहरा हसरा होता.

"घ्या जावईबापू, तोंड गोड करा," त्या म्हणाल्या, "माझं माहेर बुडालं!"