पाच हिवाळ्यांची हजेरी

सिडनी शहराच्या मध्यवर्ती भागापासून पूर्वेला सुमारे सात किलोमीटरवर प्रशांत महासागर चंद्रकोरीच्या आकारात जमिनीत शिरला आहे. हा बॉन्डीचा किनारा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळूचा पट्टा जेमतेम एक किलोमीटर भरेल. पण ऑस्ट्रेलियात आलेला पाहुणा येथे आल्याशिवाय सहसा परतत नाही. खडकांवर फुटणाऱ्या पाण्याशी संबंधित असा काहीसा ‘बॉन्डी’ या शब्दाचा अर्थ सांगितला जातो. तो शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या बोलीतला. आगगाडीने बॉन्डी जंक्शनपर्यंत जावे आणि पुढे 333 क्रमांकाची बस धरावी, इतका हा प्रवास सोपा आहे.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला खडकाच्या कुशीत पन्नास मीटर लांबीचा एक तलाव बांधलेला आहे. पाणी समुद्राचेच, आणि ते तापवले जात नाही. समुद्र खवळला की लाट कठड्यावरून उसळते, सबंध तलावभर पांढरा फेस पसरतो आणि पोहणारा माणूस क्षणभर दिसेनासा होतो. शेजारी मुलांसाठी एक छोटा तलाव आहे. वरच्या अंगाला एका मंडळाची पांढरी इमारत उभी आहे. ‘बॉन्डी आइसबर्ग्ज’, म्हणजे बॉन्डीचे हिमनग, असे या मंडळाने स्वतःचे नाव ठेवले आहे. बहुतेक पर्यटक वरच्या रस्त्यावरून तलावाचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. खरे पाहण्यासारखे असते ते हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी.

तेथील हिवाळा म्हणजे आपला जूनपासूनचा पावसाळा. महाराष्ट्रातून मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास गेलेली वडीलधारी मंडळी बहुधा आपल्याकडील उन्हाळा टाळण्यासाठी निघतात आणि नेमकी थंडीत जाऊन पोचतात. जून-जुलैमध्ये सिडनीत पहाटेचा पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. समुद्राचे पाणी हवेपेक्षा सावकाश थंड होते, त्यामुळे ते हिवाळ्याच्या उत्तरार्धात सर्वांत गार, म्हणजे सतरा-अठरा अंशांच्या आसपास असते. आकडा वाचताना फारसा भयंकर वाटत नाही. घरच्या बादलीत तेवढे गार पाणी घेऊन अंगावर ओतून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळते.

मंडळाची स्थापना 1929 साली झाली. ऑस्ट्रेलियात समुद्रस्नानाची आवड रुजली त्याच सुमारास बुडणाऱ्यांना वाचविणारी स्वयंसेवकांची पथकेही उभी राहिली. बॉन्डीवरचे पथक 1907 पासूनचे. उन्हाळाभर हे तरुण लाटांशी झुंजत. हिवाळा आला की किनारा ओस पडे, काम थांबे आणि शरीर सुस्तावे. पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत दम आणि ताकद दोन्ही उतरलेली असत. व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाची ही जुनीच अडचण आहे. ज्या दिवसांत करावासा वाटतो त्या दिवसांत तो होतोच. प्रश्न उरलेल्या दिवसांचा असतो. बॉन्डीच्या काही जीवरक्षकांनी त्यावर भाषणे दिली नाहीत. त्यांनी मंडळ काढले, घटना लिहिली आणि तीत एक नियम घातला.

सभासदत्व टिकवावयाचे असेल तर मे ते सप्टेंबर या हंगामात दर चार रविवारांपैकी तीन रविवारी शर्यतीत उतरलेच पाहिजे, आणि हे सलग पाच वर्षे झाले पाहिजे, असा तो नियम. हिशेब मांडला तर महिन्याला तीन, हंगामाला पंधरा आणि पाच हिवाळ्यांत पंचाहत्तर हजेऱ्या. ऐकताना संख्या किरकोळ वाटते. व्यापारी घरातला माणूस मात्र लगेच ओळखेल की येथे रकमेपेक्षा मुदत मोठी आहे. दरमहा थोडी रक्कम भरावयाच्या आवर्ती ठेवीत हप्ता लहानच असतो. कसोटी लागते ती अठ्ठेचाळिसाव्या किंवा बावन्नाव्या महिन्यात, जेव्हा उत्साहाचा ओसर झालेला असतो आणि फक्त तारीख उरलेली असते.

या नियमात काय नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. किती वेगाने पोहावे हे त्यात नाही. वजन किती उतरावे, कंबर किती कमी व्हावी, याचा उल्लेख नाही. माणसाने ठरलेल्या दिवशी यावे, पाण्यात उतरावे आणि पलीकडच्या कठड्याला हात लावावा, एवढीच अपेक्षा. ज्या गोष्टी माणसाच्या हातात नसतात त्या नियमाबाहेर ठेवल्या आहेत; जी हातात आहे तीच मोजली आहे. आपल्याकडे बहुतेक संकल्प नेमके उलट असतात. ‘सहा महिन्यांत दहा किलो’ असे ठरते, तिसऱ्या महिन्यात काटा हलत नाही, आणि दोष काट्याऐवजी व्यायामाला दिला जातो.

दुसरी गोष्ट त्या चौथ्या रविवारची. चारांपैकी तीन, म्हणजे एक रविवार आधीच माफ केलेला आहे. लग्नकार्य असेल, ताप असेल, गावाला जावे लागेल. घटना लिहिणाऱ्यांनी हे गृहीत धरले. खंड पडला तरी व्रत मोडत नाही. आपल्या घरांतून व्यायाम सुटतो तो बहुधा पहिल्या खंडानंतर. सणासुदीत आठ दिवस दुकानातून मान वर काढता येत नाही, मग ‘आता सुटलेच आहे, तर पाडव्यापासून पुन्हा पाहू’ असे म्हटले जाते, आणि पाडवा येऊन जातो. ठरावीक मुदतीचा नियम घेण्याची ज्या घरांना पिढ्यान्पिढ्या सवय आहे, त्यांना मुदतीचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. जन्मभराची प्रतिज्ञा जड वाटते. चार महिन्यांची पेलते.

शर्यत म्हटली की धडधाकट तरुणच पुढे राहणार, अशी शंका येईल. त्यावर तोड म्हणजे वेळेची सूट. प्रत्येकाचा नेहमीचा वेळ नोंदलेला असतो आणि त्यानुसार संथ पोहणाऱ्याला आधी सोडतात, वेगवान गड्याला मागून. म्हणून पंच्याहत्तरीचा वृद्ध आणि पंचविशीचा तरुण पलीकडच्या कठड्यापाशी जवळजवळ एकाच वेळी पोचतात, आणि वृद्धही जिंकू शकतो. सर्वांना एकाच मापाने मोजले असते तर बरेच सभासद दुसऱ्या हंगामातच गळाले असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी तलावात बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या टाकण्याची प्रथा आहे. तिने पाणी फारसे गार होत नाही. पण थट्टा अंगवळणी पडली की थंडीची भीती निम्मी होते, हे त्या मंडळींनी ओळखलेले दिसते. पोहून झाल्यावर वर जाऊन एकत्र बसणे हाही बेताचा भाग आहे, आणि कित्येकांना पाण्यात खेचून आणण्याचे श्रेय त्या गप्पांनाच द्यावे लागेल.

मंडळाच्या इतिहासातली उणीव झाकण्याचे कारण नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्त्रियांना तेथे सभासदत्वच नव्हते. साठाहून अधिक वर्षे हा दरवाजा बंद राहिला, ही शोभेची गोष्ट नव्हे. तलाव मात्र आज तिकीट काढणाऱ्या सर्वांना खुला आहे. त्यासाठी सभासद असावे लागत नाही.

ज्या भगिनींना पुरुषांच्या उपस्थितीत पोहणे रुचत नाही, त्यांनी बॉन्डीवरून दक्षिणेकडे चालू लागावे. कड्याच्या काठाकाठाने कूजीपर्यंत सुमारे सहा किलोमीटरची पायवाट आहे. वाटेत टामारामा, ब्रॉन्टी, क्लोव्हेली हे किनारे लागतात. ब्रॉन्टीलाही खडकातला समुद्री तलाव आहे आणि तेथे प्रवेशमूल्य नाही. ही पायवाट हाच एक उत्तम व्यायाम आहे. चढउतार बरेच असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी ती दोन टप्प्यांत करावी. कूजीच्या किनाऱ्याच्या थोडे पुढे मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्स हे स्थान आहे. केवळ स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी राखलेला समुद्रातला तलाव, वर गवताचा उतार, भोवती झाडी. रस्त्यावरून आत काय आहे हे दिसत नाही. येथे नियमाने येणाऱ्या आज्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी कोणाला घटना, शर्यत किंवा पंचाहत्तर हजेऱ्या लागत नाहीत. शेजारीण दारात उभी राहते, तेवढे पुरते.

सिडनीतले आणखी एक ठिकाण या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. डबल बे या उपनगरात बंदराच्या शांत पाण्यात जाळी लावून बंदिस्त केलेली पोहण्याची जागा आहे. तिला मरे रोझ यांचे नाव दिले आहे. रोझ यांचे बालपण याच परिसरात गेले. घरातील आहार कडक शाकाहारी होता, आणि या शाकाहारी मुलाने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी पोहण्याची तीन सुवर्णपदके मिळविली. 400 मीटर, 1500 मीटर आणि सांघिक शर्यत. चार वर्षांनी रोममध्ये 400 मीटरचे सुवर्ण त्यांनी पुन्हा जिंकले. ‘आमच्या खाण्याने अंगात ताकद कशी यावयाची’ असे म्हणणाऱ्या नातवाला तेथे अवश्य न्यावे. लाटा नसल्याने नवशिक्यांना आणि वयस्कांना हे पाणी बॉन्डीपेक्षा कितीतरी सोयीचे आहे.

बॉन्डीचा समुद्र गोड दिसतो म्हणून त्याला कमी लेखू नये. 6 फेब्रुवारी 1938 च्या रविवारी लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी शेकडो लोकांना आत ओढले. जीवरक्षकांनी बहुतेकांना बाहेर काढले, तरी पाच जण दगावले. किनाऱ्याच्या दक्षिण भागात समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह नेहमीचाच आहे. परदेशी पाहुणे नेमके तेथेच पाण्यात शिरतात, म्हणून स्थानिक लोक त्याला ‘बॅकपॅकर्स एक्सप्रेस’ म्हणतात. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने समुद्राचा विचार सोडून बांधलेल्या तलावाच्या उथळ बाजूला राहावे.

गार पाण्याचा धोका वेगळा. एकदम उडी मारल्यास श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. पहिली दोन-तीन मिनिटे श्वासावर ताबा राहत नाही. आइसबर्ग्जचे जुने सभासद वर्षानुवर्षे सरावलेले असतात. त्यांचे पाहून आठवड्याच्या पाहुण्याने धाडस करू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून गार पाण्यात जाऊच नये. इतरांनी पायरी-पायरीने उतरावे, मान व तोंड ओले करावे, श्वास सावकाश सोडावा, आणि बाहेर आल्यावर ओले कपडे तत्काळ बदलावेत. चहा त्यानंतर.

आपल्या गावी परतल्यावर समुद्र नसतो आणि थंडीही नसते, पण रिकामा तलाव असतो. एप्रिल-मेमध्ये नगरपालिकांच्या तरणतलावांवर पाससाठी रांगा लागतात. जुलै उजाडला की त्याच तलावात सकाळच्या पाळीला दहा-बारा डोकी दिसतात. पाणी तेच, शुल्क तेच. पेढीवर दिवसाचे दहा तास बसणाऱ्या माणसाला पोहण्याइतका सोयीचा व्यायाम नाही, कारण गुडघ्यांवर आणि कमरेवर शरीराचा भार पडत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन खेपांत ते भागते, आणि त्या तीन खेपा दुकान उघडण्यापूर्वी सहज बसतात. चार-पाच सराफ किंवा कापडवाले एकत्र आले, एक साधी वही केली, चारांपैकी तीनचा नियम घातला आणि वही त्यांच्यातल्या सर्वांत काटेकोर माणसाच्या हाती दिली, तर वेगळी संस्था काढण्याची गरज नाही. मुदत मात्र लिहून ठेवावी. पहिल्या खेपेला पाच वर्षांची नको; दिवाळीपर्यंतची पुरे.

सप्टेंबर सरतो तसा बॉन्डीचा हंगाम संपतो. ऊन तापू लागते, वाळूवर गर्दी होते आणि तलावात बाहेरचे लोक मोठ्या संख्येने येऊ लागतात. गुरुवारी तलाव बंद असतो. त्या दिवशी तो रिता करून घासतात आणि पुन्हा समुद्राच्या पाण्याने भरतात. शुक्रवारी पहाटे, अजून नीट उजाडले नसताना, पहिली दोन-तीन माणसे टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी उभी असतात. त्यांचा हिशेब आता कोणी ठेवत नसतो.