ठाणे ते कल्याण : कान उघडे ठेवून

आजी बाजारात मडकं घ्यायला गेली की काय करते, पाहिलंय कधी? ती रंग बघत नाही, नक्षीही बघत नाही. आधी बोटाने टिचकी मारते. 'टण्ण' वाजलं तर मडकं पक्कं. 'भद्द' वाजलं तर समजायचं, कुठंतरी चीर गेली आहे. पूर्वी मोठ्या रेल्वे स्टेशनांत गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचा. त्याचीही युक्ती तीच. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला सापडते.

ही युक्ती बरोबर घेऊन आज आपण मोटारीने ठाण्याहून कल्याणला जाऊ या. लोकलने गेलो तर लवकर पोचू, हे मलाही ठाऊक आहे! पण कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा, डोंबिवली असा जो रस्ता जातो ना, त्याच्यावर चढ आहे, उतार आहे, गतिरोधक आहेत, काँक्रीट आहे आणि वाहतुकीची कोंडी तर आहेच. गाडीची तोंडी परीक्षाच म्हणा.

चला, बसा मागच्या सीटवर. आणि एक लक्षात ठेवा. गाडीचे आवाज ऐकायला मागची सीट फार चांगली. बाबांचं किंवा आईचं लक्ष समोरच्या रिक्षाकडे असतं. शिवाय रोज थोडा थोडा वाढणारा आवाज रोज गाडी चालवणाऱ्याला ऐकूच येईनासा होतो. कधीमधी बसणाऱ्याला मात्र तो लगेच खटकतो.

पावसाळ्यातली सकाळ आहे. गाडी सुरू करताच बॉनेटखालून 'कुईईई' आलं. हा इंजिनाच्या पुढचा रबरी पट्टा. ओला झाला की घसरतो आणि किंचाळतो. दोन-चार सेकंदांत गप्प बसला तर सोडून द्या. रोज ओरडायला लागला, कोरड्या दिवशीही ओरडला, तर तो सैल झालाय किंवा झिजलाय. पट्टा तुटला तर बॅटरी चार्ज होणं थांबतं, आणि काही गाड्यांत इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. तेव्हा त्याच आठवड्यात गॅरेज. गाडी हलताना चाकांतून जरा 'खस्सस्' झालं? रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर गंजाचा पातळ थर येतो. दोन-तीनदा ब्रेक दाबले की तो पुसला जातो.

कळव्याची खाडी ओलांडली. उजवा सिग्नल देताना 'टिक… टिक…'ऐवजी भराभर 'टिकटिकटिक' वाजतंय का? घड्याळ बिघडलेलं नाही हो! बहुतेक त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. जुन्या धर्तीचे बल्ब असलेल्या गाड्यांत हा इशारा हमखास मिळतो. काम पाच मिनिटांचं, पण तोवर मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही कुठे वळताय ते कळणार नाही.

रेतीबंदरावरून मुंब्रा बायपास चढू लागलो की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली खाडी, रुळांवरून पळणाऱ्या लोकल आणि घरांची दाटी. खिडकीला नाक लावून बघावं असं दृश्य. इथे इंजिनावर ताण येतो. चढावर 'खट-खट' असा धातूचा आवाज येऊ लागला तर आधी गिअर खाली टाकायचा. तेवढ्याने थांबला तर ठीक, तरी पुढच्या सर्व्हिसिंगला सांगायचं. पण इंजिन जोरजोरात ठोकतंय आणि समोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र पेटलंय, असं दोन्ही एकदम झालं, तर 'कल्याणला पोचून बघू' हे चालणार नाही. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला आणि इंजिन बंद. तेलावाचून लोखंडावर लोखंड घासतं, आणि काही मिनिटांत अख्खं इंजिन बाद होऊ शकतं.

आता उतार. इथे मी माझीच फजिती सांगतो.

आम्ही कल्याणला लग्नाला निघालो होतो. ठाण्यातच मागून भाची म्हणाली, "मामा, ब्रेक दाबलास की चाक ओरडतंय." मी म्हटलं, "धूळ असेल गं. रविवारी दाखवू." खरं सांगायचं तर असे दोन रविवार आधीच उलटले होते. बायपासच्या उतारावर पुढचा कंटेनर हळू झाला, मी ब्रेक दाबला, आणि 'कुईकुई'च्या जागी 'खर्रर्र' असा आवाज आला. पाट्यावर दगड फरफटवावा तसा. पायालाही थरथर लागली. गाडी थांबली, पण मला हवी होती तिथे नाही, कंटेनरच्या मागच्या दांड्यापासून हातभर अंतरावर. गाडीत कोणी काही बोललं नाही. भाचीसुद्धा नाही.

पुढचं अंतर खालच्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकवत, अगदी कडेने काटलं आणि पहिल्या गॅरेजशी थांबलो. खरं म्हणजे तेवढंही जायला नको होतं, मेकॅनिकला फोन करून बोलवायला हवं होतं. त्याने चाक काढलं आणि ब्रेकचं पॅड माझ्या हातावर ठेवलं. घासून थांबवणारा मसाला संपला होता, उरली होती नुसती लोखंडी पाटी. चकतीवर तव्यावर चमच्याने ओरखडे काढावेत तसे चर पडलेले. नुसती पॅड बदलून भागलं असतं, आता चकत्याही बदलाव्या लागल्या.

आणि गंमत ऐका. पॅड झिजत आलं की चकतीला टेकावी म्हणून पुष्कळ गाड्यांत त्यावर एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. ती 'कुईकुई' तिचीच होती. माणसाने ऐकावं म्हणूनच माणसाने घडवलेली! पंधरा दिवस ती बिचारी ओरडत होती, आणि ऐकलं ते एका सातवीतल्या मुलीने. तेव्हा ब्रेकची 'कुई' म्हणजे दोन-तीन दिवसांत गॅरेज, 'खर्र' म्हणजे गाडी जागेवरच. लग्नाचा मुहूर्त असला तरी.

शिळफाट्याला कोंडी मिळालीच. उन्हाळ्यात इथे तापमानाचा काटा बघत जा. काटा वर चढतोय आणि बॉनेटमधून 'फुस्स' वाफ येतेय, तर बाजूला थांबून इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणालाही उघडू देऊ नका. उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं.

तिथून कल्याण-शिळ रस्ता लागतो. खिडकाळी, काटई गेलं. आता काँक्रीटवर चाकांचा 'घूंऽऽ' वाढतो, सांध्यांवर 'टप-टप' होतं. हा रस्त्याचा आवाज की गाडीचा? सोपं आहे. डांबर आल्यावर बदलला तर टायरचा आणि रस्त्याचा. सगळीकडे तसाच राहिला, वेगाबरोबर वाढला आणि वळणावर कमीजास्त झाला, तर चाकाचं बेअरिंग जातंय. हे आजच मोडेल असं नाही, पण लांबच्या सहलीआधी बदलायलाच हवं.

मानपाड्याच्या अलीकडे एक जागा येते, प्रीमियर मैदान. नाव कुठून आलं, ठाऊक आहे? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा जुना कारखाना कुर्ल्याला, आणि दुसरा इथे. १९९०च्या दशकात इथे प्यूजो ३०९ ही फ्रेंच जातीची मोटार तयार होत असे. याच कंपनीची पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीत समोर दिवे मोजकेच. बाकी सगळं टॅक्सीवाल्याच्या कानावर. आताच्या गाडीत संगणक आहे, पण झिजलेलं बेअरिंग किंवा सैल झालेला सायलेन्सर तो सहसा सांगत नाही.

डोंबिवलीत शिरलो. मावशीच्या गल्लीत गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. तेव्हाच पुढच्या चाकातून 'टक-टक-टक' येतंय आणि सरळ जाताना बंद होतंय? चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर रबरी टोपी असते. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर जातं आणि पावसाचा चिखल आत. याच आठवड्यात दाखवा. गतिरोधकावर 'धडाड्' होत असेल तर सस्पेन्शनचे रबर नाहीतर शॉकअॅब्सॉर्बर.

गॅरेजमध्ये बाबा नुसतं म्हणतात, "काहीतरी वाजतंय." मग मेकॅनिक तरी काय करणार? तिथे गेल्यावर गाडीही शहाण्या मुलासारखी गप्प बसते! तुम्ही वहीत लिहून ठेवा : थंड गाडीत की तापल्यावर, ब्रेक दाबताना की वळताना, कुठल्या बाजूने, किती वेगाला. मागे बसून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आणि मेकॅनिकला एक चक्कर मारायला बरोबर घ्या, त्यात लाजायचं काय?

पत्री पूल ओलांडून कल्याणला पोचलो. परवा भाची इथे उतरली आणि बॉनेटशी कान नेऊन उभी राहिली. "मामा, बंद केलीस तरी टिक-टिक वाजतंय!" तापलेला धातू गार होताना आकसतो, त्याचा तो आवाज, मी सांगितलं. तिने वहीत लिहिलं, 'टिक-टिक : काळजी नको', आणि पुढे कंसात, 'मामा म्हणतो. मेकॅनिकला विचारणे.'