घरच्या माणसाचा पगार

नागपुरातील इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग या भागांतील दुकानांत एक चित्र नेहमीचे आहे. गल्ल्यावर वडील, माल मोजून देणारा मुलगा आणि दुपारी घरचे आवरून उधारीच्या वह्या तपासणारी गृहिणी. नोकराचा पगार दरमहा वहीत चढतो. घरच्यांच्या कष्टांची नोंद कोठेच नसते. मार्चअखेर आली की काही ठिकाणी नेमके उलटे घडते. दुकानाची पायरीही न चढलेल्या नातलगाच्या नावे पगार लिहिला जातो. पहिल्या प्रकारात श्रमाचा अपलाप होतो, दुसऱ्यात सत्याचा.

कायद्याची घरच्यांना पगार देण्यास मनाई नाही. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ४०-अ(२) एवढेच पाहते की, काम आणि बाजारभाव यांच्या मानाने पगार अवाजवी नाही ना. अवाजवी भाग खर्च म्हणून नाकारला जातो; घेणाऱ्याच्या उत्पन्नातून मात्र तो वगळला जात नाही, म्हणजे एकाच रकमेवर दोनदा कर. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यालाही वेतन देता येते. ते खऱ्या कराराने, व्यवसायाच्या हितासाठी आणि वाजवी असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुगल किशोर बलदेव सहाय प्रकरणात सांगितले आहे. २०२५ च्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

सज्ञान मुलगा, मुलगी वा सून यांचा खरा पगार त्यांच्याच उत्पन्नात धरला जातो. पत्नीचा नियम निराळा. पतीचा भरीव हिस्सा असलेल्या व्यवसायातून तिला मिळालेला पगार कलम ६४ नुसार पतीच्या उत्पन्नात मिळवला जातो. ती चार्टर्ड अकाउंटंट असून त्याच ज्ञानाच्या व अनुभवाच्या बळावर कमावत असेल, तर तो तिचाच राहतो.

मग कर वाचत नसेल तर पत्नीला पगार कशाला, असे विचारले जाते. नियमित हिशेब ठेवणाऱ्या मालकाचा करभार त्याने सहसा वाढत नाही. अनुमानित कर योजनेत वेतनाची वेगळी वजावट नसल्याने तेवढा सल्ला आधी घ्यावा. पण तिच्या नावे खाते राहते, शिल्लक राहते आणि वीस वर्षांच्या कष्टांचा पुरावा राहतो. अवेळी संकट आले, तर पेढी चालवणारी म्हणून तिची ओळख हाच कागद देतो.

देशाचे आयकर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपुरातच आहे. त्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न साधा असतो : या व्यक्तीने काम काय केले? नेमणुकीचे पत्र, कामाची नोंद आणि दरमहा बँकेतून दिलेला पगार हे त्याचे उत्तर. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांवर रोख दिलेली रक्कम खर्चात धरली जात नाही, हेही ध्यानी असावे. परक्याला त्या कामाचे जे दिले असते, तेच घरच्याला द्यावे. दिवाळीच्या वहीपूजनाला ज्या वहीपुढे हात जोडायचे, तिच्यात घरच्यांचे काम खरे उतरलेले असावे.