कोयासानचे ताट

जपानमध्ये निर्धोक शाकाहार मिळणे किती कठीण, हे तेथे व्यापारानिमित्त जाऊन आलेल्या आपल्या बंधूंना सांगावयास नको. भाजीच्या साध्या रश्श्यातही बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा अर्क उतरलेला असतो. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. म्हणूनच गेल्या मे महिन्यात आम्ही पती-पत्नी आठ जणांच्या एका व्हीगन निसर्गसहलीत सामील झालो, ते मुख्यतः कोयासानसाठी.

ओसाकाहून डोंगरात शिरणारी रेल्वे गोकुराकुबाशी येथे संपते आणि पुढे पाच मिनिटांची केबल कार. सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे पठार कूकाई या बौद्ध आचार्यांना इ.स. ८१६ मध्ये सम्राटाकडून मिळाले. आज येथे ११७ मंदिरे असून त्यांपैकी पन्नासएक मंदिरांत यात्रेकरूंच्या निवासाची सोय होते. जुन्या पायवाटेवर दर १०९ मीटरांना एक असे १८० शिलास्तंभ आहेत. आम्ही त्यांतले शेवटचे तीसच चाललो. गुडघ्यांना तेवढे पुरे होते.

येथील आहारास ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. रस्सा कोंबू या समुद्रवनस्पतीचा व वाळवलेल्या अळंबीचा. शिवाय ताटे साडेपाचलाच येतात आणि मेमध्ये तेथे सूर्य पावणेसातनंतर मावळतो, त्यामुळे रात्रिभोजनत्याग अनायासे पाळला जातो. इतके सारे जुळल्यावर वाटते, हे आपलेच स्वयंपाकघर. तसे ते नाही. ‘गोमा-दोफू’ तिळाचा खरा, पण तो गोठवतात कुझू नावाच्या वेलीच्या मुळातील सत्त्वाने, कोन्याकूही कंदाचाच, मुळा-गाजर जागोजागी. आधी कळविल्यामुळे आमच्या ताटांत भात, कोंबूच्याच रश्श्यात शिजवलेला कोया-दोफू, म्हणजे गोठवून वाळवलेला सोयाबीनचा टोफू, आणि हिरव्या भाज्या आल्या. मधाचा प्रश्न मात्र कोणापुढेच आला नाही. तो व्हीगनांनाही वर्ज्य, आपल्यालाही.

सांगलीकडील एक व्यापारी गृहस्थ कन्येच्या आग्रहावरून आले होते. सोबतच्या डब्यातील दूध-पावडरीचा चहा आम्ही करू लागलो, तेव्हा ती कन्या म्हणाली, “काका, तुम्ही मुळा सोडता, मग दूध कसं चालतं?”

माझी पत्नी म्हणाली, “अगं, वासराचं पोट भरल्यावरच आपण काढतो.”

“डेअरीतही, काकू?”

यावर कोणी बोलले नाही. शाखेत असताना दुग्धव्यवसायाचे कर्जप्रस्ताव माझ्यासमोर पुष्कळ येत. त्यांत दुधाचे उत्पन्न असे, चाऱ्याचा खर्च असे, शेणखतही असे. नर वासराचे पुढे काय होणार, यासाठी रकाना नसे. पत्नीने आपला चहा घेतला. कन्येने गरम पाणी.

दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून आम्ही ओकुनोइन स्मशानभूमीत गेलो. शेकडो वर्षांच्या देवदारसदृश सुगी वृक्षांखालून दोन किलोमीटरची वाट, आणि दोन्ही बाजूंस दोन लाखांहून अधिक समाध्या व स्मारके. सरदारांच्या समाध्या शेवाळाने हिरव्या झालेल्या. अलीकडच्या भागात कंपन्यांचीही स्मारके आहेत. त्यांतच एक शिला वाळवीसाठी आहे. वाळवी-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संघटनेने, आपल्या हातून मेलेल्या वाळवीला शांत निद्रा लाभावी, अशा अर्थाचे शब्द कोरून ती उभारली आहे.

सांगलीच्या गृहस्थांचा व्यापार कीटकनाशकांचा. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत विषवाणिज्य येते, हे त्यांना ठाऊक होते; आदल्या दिवशी रेल्वेत त्यांनीच तो विषय काढला होता. तीन पिढ्यांचे दुकान, भोवती द्राक्षबागा, असे म्हणून पुढे तो सोडूनही दिला होता. त्या शिलेपुढे त्यांनी मार्गदर्शकाकडून ती ओळ दोनदा समजून घेतली. ती उभारणाऱ्यांनी नंतर धंदा चालू ठेवला काय, असेही विचारले. चालू आहे, असे उत्तर मिळाले. ते तेथे बराच वेळ थांबले, त्यामुळे आमची ठरलेली केबल कार चुकली. पुढची मिळाली.